कूरोस (१९८१): चंदेरी खांद्यांची जुनी बाटली घ्यावी की आत्ताची पांढरी?

शिशी_झाकण

इव्ह सँ लोराँच्या कूरोस या पुरुषांच्या अत्तराच्या दोन बाटल्या विकायला आल्या आहेत, त्यांतली एकच घ्यायची आहे. पहिली जुनी: १०० मिली, अंग पांढरं, खांदे चंदेरी, खोकं नाही, थोडी वापरलेली. दुसरी हल्लीची: सगळीच पांढरी, सीलबंद. जुनीची किंमत नवीच्या दुपटीला टेकते.

जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. जुन्या आणि नव्या मालात फरक खरंच आहे का, की नुसती जुन्याची ओढ? बाटली अपारदर्शक आहे, मग आत माल किती आणि कसा, हे कसं तपासायचं? आणि ज्याला त्याला या वासात मुतारी का आठवते? जुनीतला फवारा कागदी पट्टीवर मारला की आधी साबण येतो, मग काहीतरी आंबूस-गोड, मग पुन्हा साबण. हे असंच असतं की माल बिघडलाय?

वाळा_ओला

पट्टीवर जे येतंय ते बरोबर आहे. ती या अत्तराची घडणच आहे.

अत्तरकार पिएर बूर्दों यांनी १९८१ साली हे बांधलं तेव्हा पुरुषांच्या अत्तरांत जोरकस वासांचाच काळ होता. पाको राबानचं पूर ओम १९७३चं, अझारोचं पूर ओम आणि राल्फ लॉरेनचं पोलो दोन्ही १९७८ची, शनेलचं आंतेयुस कूरोसच्याच वर्षीचं. जोर सगळ्यांतच होता. कूरोसचं वेगळेपण असं की त्यात दोन टोकं एकाच वेळी बोलतात. वर ॲल्डिहाइड (साबणी वासाचे रेणू), बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ, धने, क्लॅरी सेज ही वनस्पती: नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं स्वच्छ. खाली मध, चामडं, ओकमॉस हे दगडफूल, कस्तुरी आणि जवादी (सिव्हेट, म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथींचा लेप): अंगाचा, केसांचा, जनावराचा वास. मधे लवंग, जिरॅनियम आणि ओरिस (आयरिसचं मूळ) या दोन टोकांना बांधून ठेवतात. बहुतेक अत्तरांत वरचं उडून जातं आणि मग खालचं उरतं. इथे साबण तळापर्यंत पुरतो, म्हणून नाकाला ते आलटून पालटून येतात.

मुतारीचं कोडंही यातच आहे. नुसत्या घाण वासाला कुणी मुतारी म्हणत नाही, गोठा म्हणेल, तबेला म्हणेल. सार्वजनिक मुतारीत लघवीच्या वासाबरोबर डांबरगोळ्या आणि फिनाइल असतं, म्हणजे घाण आणि सफाई एकत्र. कूरोसमध्ये मधाची बाजू आणि जवादी एकीकडे, साबणी ॲल्डिहाइड दुसरीकडे. मेंदू ही जोडी ओळखतो आणि त्याला जी जागा माहीत आहे ती सांगतो. फवारे जास्त झाले की ही ओळख पक्की होते, कमी असले की तोच वास उन्हात वाळलेल्या अंगासारखा लागतो. त्यामुळे शेरा खोटा नाही, पण तो मात्रेवरचा शेरा आहे.

ही युक्ती बूर्दोंच्याही आधीची आहे. गेर्लाँच्या १८८९ सालच्या जिकीत लव्हेंडरखाली जवादी असाच लपवला होता. कूरोसने तो लपवला नाही, हे त्याचं धाडस.

नावाचं थोडं. कूरोस म्हणजे प्राचीन ग्रीक शिल्पांतला उभा नग्न तरुण: डावा पाय पुढे, हात मांड्यांना टेकलेले. ग्रीसमधल्या सूनियोनचा कूरोस इसवीसनपूर्व ६००च्या सुमाराचा, नाक्सोस बेटाच्या संगमरवराचा, तीन मीटरहून उंच. पांढऱ्या बाटलीवर हे नाव का शोभतं ते त्यावरून कळतं. दगड स्वच्छ आहे आणि विषय अंगाचा आहे.

दोन_थेंब_पुरे

तपासणीचं सांगतो.

आधी पातळी. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, फ्रीझरमध्ये नको. बाहेर काढल्यावर काचेवर दव धरतं. रिकामा भाग लवकर गरम होतो, तिथलं दव आधी सुकतं. द्रवाचा भाग थंड राहतो, तिथलं टिकतं. साधारण तीन ते सहा मिनिटांत दवाची आडवी रेघ दिसते, तीच पातळी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे झकास जमतं. कोरड्या हवेत दव कमी धरतं, तेव्हा बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून तिथे बघा. विक्रेता लांबचा असेल तर वजन मागून घ्या. १०० मिली ओ द तॉयलेट म्हणजे साधारण ८५ ग्रॅम द्रव. त्याच पिढीच्या, त्याच मापाच्या रिकाम्या बाटलीचं वजन कुणा संग्राहकाकडून मिळालं तर वजाबाकी सोपी. नव्या पांढऱ्या बाटलीचं वजन लावू नका, घडण बदललेली आहे.

मग वय. चंदेरी खांदे म्हणजे जुना माल, पूर्ण पांढरी बाटली लोरेआलच्या काळातली. इव्ह सँ लोराँच्या अत्तरांची मालकी अशी फिरली: १९९३मध्ये सानोफी, १९९९-२०००च्या सुमारास गुच्ची समूह, २००८मध्ये लोरेआल. खोक्यावर यांतलं कुठलं नाव आहे त्यावरून दशक ठरतं. दुसरी खूण घटकांची यादी. युरोपात २००५पासून २६ ॲलर्जीकारक घटक नावानिशी छापणं सक्तीचं झालं. लिनॅलूल, लिमोनीन, कुमरीन, युजेनॉल अशी ओळ खोक्यावर नसेल तर माल त्याच्या आधीचा असण्याची दाट शक्यता. तुमच्या बाटलीला खोकंच नाही, म्हणजे हे दोन्ही पुरावे गेले. दुप्पट किंमत देताना हे धरून बोला.

बुडाखालचा बॅच क्रमांक बघा. तो कोरलेला किंवा ठसठशीत उमटवलेला असावा. नखाने खरवडून निघणारा चिकट कागद असेल तर थांबा. फवारणीच्या नळीभोवतीचा धातूचा पट्टा हलता कामा नये. तो एकदा उघडून पुन्हा दाबलेला असला तर कडेला पकडीचे दात उमटलेले दिसतात, म्हणजे आत दुसरा माल भरलेला असू शकतो. खांद्याचा चंदेरी मुलामा सोलत असेल तर काळजी नको, हवेतल्या ओलाव्याने ते होतं, आतल्या द्रवाशी त्याचा संबंध नाही.

आता माल कसा ते. पहिले तीन-चार फवारे कागदाच्या बोळ्यावर मारून टाकून द्या. नळीत अडकलेला द्रव हवा लागून बिघडलेला असतो, त्यावरून बाटलीची परीक्षा करू नका. पाचवा फवारा पट्टीवर मारा आणि वेळ लावा. पहिली पाच-दहा मिनिटं नेलपॉलिश किंवा शिळ्या तेलासारखा वास येऊन नंतर अत्तर जागेवर आलं, तर फक्त वरचा लिंबूवर्गीय भाग गेलेला आहे. बर्गमॉट आणि ॲल्डिहाइड आधी मरतात, तळ तीस वर्षं टिकतो. पण वीस मिनिटांनंतरही तो तीक्ष्ण वास तसाच असेल किंवा लवंग-मध येतच नसेल, तर ती बाटली उन्हात राहिलेली आहे, घेऊ नका. तुमच्या पट्टीवर पहिल्या मिनिटालाच साबण येतोय म्हणजे वरचा भागही शाबूत आहे, ही जमेची बाजू.

रसशाळा

जुन्या-नव्यातला फरक ओढीचा नाही, कायद्याचा आणि रसायनाचा आहे.

सगळ्यात मोठी उणीव ओकमॉसची. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं एव्हर्निया प्रुनास्त्री हे दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याच्याच कुळातलं. त्याचा वास कळायचा असेल तर घरचं दगडफूल न भाजता हातावर चुरगाळा: ओली माती, जुनं लाकूड, किंचित शाई. दोन ग्रॅम चुरा २० मिली अल्कोहोलमध्ये सात दिवस ठेवून गाळला की अर्क पट्टीवर घेता येतो. कनौजच्या शमामा अत्तरात हेच दगडफूल चरिला नावाने पडतं. ओकमॉसच्या अर्कात ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल असतात आणि त्यांनी त्वचेला तीव्र ॲलर्जी येते. इफ्रा या अत्तर उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आधी ओकमॉसची मात्रा खाली आणली, मग युरोपीय संघाने २०१७च्या नियमाने हे दोन रेणू थेट बंद केले. २३ ऑगस्ट २०१९पासून असा नवा माल बाजारात आणता येत नाही, २३ ऑगस्ट २०२१पासून विकताही येत नाही. आता हे रेणू काढून टाकलेला ओकमॉस किंवा एव्हरनिल हा कृत्रिम रेणू वापरतात. एव्हरनिल सुरेख आहे, पण कोरडा आणि पावडरी. त्याच्यात ओल नाही. चंदेरी बाटलीतला तळ जो चिकट, ओलसर वाटतो तो नव्यात का नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

दुसरं लवंगेचं. आयसोयुजेनॉल या लवंगी वासाच्या रेणूवर कडक मर्यादा आल्याने कार्नेशन या लवंगेसारख्या वासाच्या फुलाचा मधला भाग सगळ्याच जुन्या अत्तरांत पातळ झाला. तिसरं जवादीचं. इथिओपियात पिंजऱ्यातल्या जवादी मांजरांच्या ग्रंथींतून निघणारा तो लेप आज व्यवहारात जवळपास कृत्रिमच असतो आणि ते योग्यच आहे. त्यातला मुख्य रेणू सिव्हेटोन. तो सतरा कार्बनचं कडं आहे, हे लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६मध्ये दाखवलं.

आंबूस-गोड जे तुम्हाला येतंय त्या वर्गाच्या वासाचं उत्तम उदाहरण म्हणजे फेनिलॲसेटिक आम्ल. अगदी थोडं असलं तर मध, जास्त झालं तर घोड्याचा तबेला. रेणू तोच, मात्रा वेगळी. हे ऐकून पटत नाही, हुंगून पटतं, म्हणून एक अभ्यास देतो. हे कूरोसचं सूत्र नाही, त्याची युक्ती समजण्यापुरता सांगाडा आहे. पट्टीवरच वापरा, अंगावर नको.

०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. आकडे ग्रॅममध्ये, कंसातले टक्के म्हणजे आधीच तेवढं पातळ केलेलं द्रावण. बर्गमॉट २.००, लिनॅलिल ॲसिटेट १.००, बेंझिल सॅलिसिलेट १.५०, गॅलॅक्सोलाइड (५० टक्के) १.२०, पॅचौली ०.७०, वाळ्याचं तेल ०.६०, जिरॅनियम ०.६०, कुमरीन ०.६०, क्लॅरी सेज ०.४०, धन्याचं तेल ०.३०, युजेनॉल ०.३०, एव्हरनिल ०.२०, ॲल्डिहाइड सी-११ (१० टक्के) ०.१०. बेरीज ९.५० ग्रॅम. कुमरीन आणि एव्हरनिल पूड असतात. त्या आधी बेंझिल सॅलिसिलेट आणि लिनॅलिल ॲसिटेटमध्ये घालून कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आसपास, ढवळत विरघळवा. पुण्या-नाशकाच्या थंडीत बेंझिल सॅलिसिलेट बाटलीतच गोठतं, तेव्हा ते आधी कोमट करून घ्या. बर्गमॉट सगळ्यात शेवटी, मिश्रण गार झाल्यावर.

आता याचे ४.७५ ग्रॅमचे दोन भाग करा. पहिल्यात कृत्रिम सिव्हेट (१० टक्के) ०.१५, फेनिलॲसेटिक आम्ल (१० टक्के) ०.०७, चामड्याच्या वासाचं आयसोब्यूटिल क्विनोलिन (१ टक्का) ०.०३. दुसऱ्यात ०.२५ नुसतं अल्कोहोल. दोन्ही पाच-पाच ग्रॅम झाले. प्रत्येकात ४५ ग्रॅम परफ्यूमर्स अल्कोहोल घालून दोन आठवडे अंधारात ठेवा.

दुसरी शिशी न्हाव्याच्या दुकानातल्या लोशनसारखी लागेल: छान, सपाट. पहिलीत शुद्ध पदार्थ मोजला तर प्राणीज भाग फक्त २२ मिलिग्रॅम आहे, ५ ग्रॅमच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. तरी सगळं मिश्रण जिवंत होतं, आणि नवल म्हणजे बर्गमॉटही जास्त स्वच्छ वाटतो. चुका ठरलेल्या आहेत. ॲल्डिहाइड वाढलं की विझवलेल्या मेणबत्तीचा वास. क्विनोलिन वाढलं की जळका रबर. काल केलेलं आज हुंगलं की सगळं तुटक, म्हणून दोन आठवडे.

कापराची_वडी

रसशाळा यांच्या माहितीशी भांडण नाही, निष्कर्षाशी थोडं आहे. नव्या कूरोसची ओल गेली हे खरं. पण सांगाडा उभा आहे. साबण आणि जनावर यांची जोडी अजून ओळखता येते, आणि हल्लीच्या पुरुषी अत्तरांच्या मांडणीत तो वास आजही एकटाच उभा दिसेल. एखाद्याने आयुष्यात पहिल्यांदा कूरोस हुंगायचं असेल तर मी नवीच बाटली सांगेन. किंमत निम्मी, वरचा भाग ताजा, आणि काय आवडतं काय नाही हे कळल्यावर जुन्याकडे जाता येतं. उलटा प्रवास महागात पडतो.

वारशाबद्दल एक गोष्ट इथे यायलाच हवी. १९८२च्या द्राकार न्वार या अत्तरात पिएर वार्न्ये यांनी डायहायड्रोमर्सिनॉल हा धुतलेल्या कपड्यासारखा थंड रेणू साधारण दहा टक्के घातला. पुढे १९८८मध्ये डेव्हिडॉफचं कूल वॉटर आलं आणि पुरुषांची अत्तरं पाण्याकडे, बर्फाकडे वळली. कूल वॉटर कुणी केलं? याच पिएर बूर्दों यांनी. ज्या माणसाने जवादी उघड्यावर आणला त्यानेच सात वर्षांनी तो दाराबाहेर ठेवला. मला हे दोन टप्पे विरोधी वाटत नाहीत. बूर्दों हे अत्तरकार एदमों रुदनित्स्कांच्या तालमीतले, आणि रुदनित्स्कांच्या कामात स्वच्छ रेषेला फार मान. कूरोसचा साबण बाजूला काढून ताणला तर कूल वॉटरच्या दिशेलाच जातो.

जनावराची बाजू दुसरीकडे गेली. सर्ज ल्युतेंसाठी क्रिस्तोफर शेल्ड्रेक यांनी १९९८मध्ये म्युस्क कुब्लाई खान केलं, ते त्या घरातलं. खुद्द कूरोसच्या नावाने २००० साली बॉडी कूरोस आलं, आनिक मेनार्दो यांचं. निलगिरी, धूप, लोबान. चांगलं अत्तर आहे, पण त्यात कूरोसचा स्वभाव शोधू नका. नुसतं नाव बघून घेणारे तिथे फसतात.

शिशी_झाकण

सगळ्यांचे आभार. दवाची रेघ आजच बघितली, जुनी बाटली पाऊण भरलेली आहे. पाचव्या फवाऱ्यानंतर वीस मिनिटांनी लवंग आणि मध स्पष्ट आहेत. आता वापराचं सांगा. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत किती फवारे? आणि जास्त झालं तर उतरवायचं कसं?

दोन_थेंब_पुरे

एक फवारा. छातीवर, सदरा घालण्याआधी, २० सेंटिमीटर अंतरावरून, मग दहा मिनिटं थांबून कपडे. एक फवारा साधारण ०.१ मिली, म्हणजे तुमच्याकडे सातशे-साडेसातशे फवारे आहेत. रोज वापरलं तरी दोन वर्षं. दुसरा फवारा फक्त डिसेंबर-जानेवारीत किंवा उघड्यावरच्या संध्याकाळी. मानेवर नको. लोकलमध्ये दुसऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं, आणि घाम आला की मध आणि जवादी आधी वर येतात, साबण मागे पडतो. म्हणजे वाळा_ओला म्हणतात ती मुतारीची जोडी आपणच तयार करतो.

‘मला तर येतच नाही’ म्हणून दुसरा मारू नका. मोठ्या रेणूंच्या कस्तुऱ्या बऱ्याच जणांना कमी किंवा अजिबात येत नाहीत, शिवाय अर्ध्या तासात नाक सरावतं. स्वतःला येणं हे माप धरलं की हमखास चुकतं.

जास्त झालं तर साबण-पाण्याने घासून उपयोग नाही, तळ तेलकट असतो. आधी कापसावर बिनवासाचं सॅनिटायझर घेऊन पुसा. मग बिनवासाचं रिफाइंड तेल अर्धा चमचा चोळून दोन मिनिटं ठेवा, कोरड्या फडक्याने टिपा, आणि मग साबण. कपड्यावर, विशेषतः लोकर आणि रेशमावर, अजिबात मारू नका. तीन-चार धुण्यांतही जात नाही.

वाळा_ओला

जुनीच घेणार असाल तर ठेवणीचं बघा. अपारदर्शक बाटली उजेड अडवते, उष्णता नाही. गाडीच्या कप्प्यात, टीव्हीच्या मागे, बाथरूममध्ये नको. लोखंडी कपाटाचा खालचा खण चालेल, भिंत पश्चिमेची नसेल तर. एकदा वीस-बावीस अंशांच्या जवळ ठेवली की सारखी हलवू नका. खोकं नाही, तर जाड पुठ्ठ्याचं साधं खोकं करा आणि पावसाळ्यात त्यात सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर मुलामा आणखी सोलेल.

पाऊण बाटलीत वरची पाव जागा हवेची आहे. वर्षभरात संपवणार नसाल तर ३० मिली एका गडद काचेच्या, घट्ट झाकणाच्या शिशीत काठोकाठ काढून ठेवा. मूळ बाटलीचं तोंड पकडीने उघडायला जाऊ नका, फवाऱ्यानेच काढा. साधारण तीनशे फवारे लागतात, बोट दुखेल, दोन बैठकांत करा. नळीचं टोक शिशीच्या तोंडात घट्ट धरा, नाहीतर तेवढ्यात बर्गमॉट उडून जाईल. शिशीवर तारीख लिहा.